झडप बदललेल्यांचा ताप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात असा एखादा तरी पेशंट येतो, ज्याच्या छातीवर उभा व्रण असतो आणि अंगात ताप. हृदयाची झडप बदललेली असते. ऑपरेशन मुंबईला, कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात झालेलं असतं, ताप मात्र इथे येतो, गावात, भातलावणीच्या दिवसांत. मी देवगड-राजापूर पट्ट्यातला फॅमिली डॉक्टर आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. पण पहिला ताप आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतो आणि पुढचं बरंचसं त्या पहिल्या दिवशी ठरतं. म्हणून पेशंट आणि घरची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत.

झडपेला जंतुसंसर्ग होतो म्हणजे नक्की काय होतं?

होडी पाण्यात राहिली की तिच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरतात. लाकूड असो वा फायबर, पाण्यात बुडलेल्या कुठल्याही वस्तूवर काहीतरी धरतंच. रक्तात कायम बुडालेल्या कृत्रिम झडपेचं तसंच आहे. आपल्या रक्तात अधूनमधून थोडे जंतू शिरतात. दात घासताना शिरतात, पायाला काही लागलं की शिरतात. शरीर त्यांना काही मिनिटांत साफ करतं. पण झडपेच्या कृत्रिम पृष्ठभागावर एखादा जंतू चिकटला, तर तो स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराखाली शरीराच्या पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत आणि औषधही कमी पडतं. त्यावर रक्ताच्या गाठी आणि जंतू मिळून गोळे वाढतात. या आजाराला एंडोकार्डायटिस म्हणतात.

गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो. मूत्रपिंडात किंवा प्लीहेत गेला तर तिथला रक्तपुरवठा बंद पडतो. झडप ज्या कापडी कड्याने हृदयाला शिवलेली असते, त्या कड्याशी पू झाला तर टाके सैल होतात आणि झडपेच्या बाजूने रक्त उलटं गळायला लागतं.

हे किती जणांना होतं?

झडप बदललेल्या शंभर माणसांमागे वर्षाला साधारण एकाला, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. म्हणजे बहुतेकांना आयुष्यभर होत नाही. पण ज्यांना होतं, त्यांच्यात हॉस्पिटलात दगावणाऱ्यांचं प्रमाण २० ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. आजार विरळा असला तरी झाला की जिवावर बेततो. रोज त्याच्या धास्तीत राहायची गरज नाही, पण तापाच्या दिवशी त्याचा विसर पडून चालत नाही.

मेटलची झडप चांगली की टिश्यूची? संसर्ग कुठल्या झडपेला जास्त होतो?

एकूणात फार फरक नाही. ज्याला आपण मेटलची म्हणतो, तिच्या चकत्या बहुधा कार्बनच्या किंवा खास प्लास्टिकच्या असतात. त्यांच्यावर जंतू सहसा धरत नाहीत. संसर्ग कड्यापासून सुरू होतो आणि आजूबाजूच्या हृदयाच्या मांसात शिरतो. टिश्यूची झडप गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींची असते, तिच्या पाकळ्यांवरही जंतू बसतात. मांडीच्या रक्तवाहिनीतून बसवलेल्या झडपेलाही हा धोका आहेच. छाती उघडली नाही म्हणून सूट मिळत नाही.

आमच्याकडच्या जुन्या पेशंटांच्या कार्डावर बऱ्याचदा ‘चित्रा’ असं लिहिलेलं असतं. ही आपल्या देशात बनलेली झडप. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वल्यत्तान यांच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली आणि पहिल्यांदा ६ डिसेंबर १९९० रोजी माणसाला बसवली गेली. परदेशी झडप परवडत नव्हती, तेव्हा तिने हजारो लोकांना हात दिला. संसर्गाच्या बाबतीत तिचे नियम इतर झडपांसारखेच.

ऑपरेशनला आठ वर्षं झाली. आता कसला धोका?

धोका पहिल्या वर्षात जास्त असतो, पण पूर्ण कधीच जात नाही. पहिल्या वर्षातले जंतू बहुधा ऑपरेशनच्या काळात किंवा आयसीयूतल्या नळ्यांमधून शिरलेले असतात. त्यात स्टॅफिलोकॉकस, कधी हट्टी ग्रॅम-निगेटिव्ह जंतू, क्वचित बुरशीही सापडते. त्यानंतरचे जंतू तुमच्या रोजच्या जगण्यातून येतात. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस, त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस, आतड्यातले एंटेरोकॉकस. म्हणून आठ वर्षांनी आलेल्या तापाची चौकशी ऑपरेशन थिएटरपेक्षा तुमच्या हिरड्यांची आणि पायांची करावी लागते.

जंतू शिरतात तरी कुठून?

सगळ्यात मोठा दरवाजा तोंड. हिरड्या सुजलेल्या असतील, तर नुसतं चावतानाही जंतू रक्तात जातात. वर्षातून एकदा दात काढण्याने जेवढा धोका होत नाही, तेवढा रोज रक्त येणाऱ्या हिरड्यांनी होऊ शकतो. आणि इथे मला मशेरीबद्दल बोलावं लागतं. आमच्याकडे पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायका सकाळी मशेरी लावल्याशिवाय चहा घेत नाहीत. ‘दात मजबूत राहतात’ म्हणतात. भाजलेली तंबाखू हिरड्यांवर घासून दात मजबूत होत नाहीत, हिरड्या खाली सरकतात. झडप बसवलेल्या बाईने मशेरी सोडावी हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी सुनेकडे बघून हसतात. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, आणि सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरकडे, दुखत नसलं तरीही.

दुसरा दरवाजा कातडी. लावणीत चिखलात अनवाणी उभं राहून बोटांच्या बेचक्यात पडलेल्या चिखल्या, कोयत्याचा वार, माशाचा काटा, कालवं काढताना कापलेला तळवा, काजूच्या चिकाने भाजलेले हात. यातलं काही झालं की लगेच साबण-पाण्याने धुवायचं, कोरडं ठेवायचं. लाल झालं, पू झाला, गळू उठलं तर ‘फुटेल आपोआप’ म्हणून पोटीस बांधत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

तिसरा दरवाजा आम्ही डॉक्टरच उघडतो. “डॉक्टरानू, अंगात त्राण नाय, एक सलाईन लावा.” हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. ताकदीचं सलाईन असं काही नसतं. बाटलीभर मीठ-पाणी किंवा ग्लुकोज असतं, ते तोंडाने घेता येतं. पण शिरेत सुई राहिली की कातडीवरच्या जंतूंना थेट रक्तात जायचा रस्ता मिळतो. झडपवाल्याला गरज असेल तर सलाईन लावावंच लागतं, पण हौस म्हणून नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्यांनी कमरेतलं इंजेक्शनही सहज घेऊ नये, आत रक्त साकळतं.

अंगात कणकण आहे, ताप १०१ आहे. पावसाचाच असेल ना?

असेलही. आमच्या भागात जून ते ऑक्टोबर तापांना तोटा नाही. मलेरिया, डेंग्यू, चिखलपाण्यातून होणारा लेप्टो. दोडामार्ग-बांद्याकडे पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत माकडतापही असतो. पण तुमची झडप बदललेली असेल, तर ताप झडपेचा नाही हे आधी पक्कं व्हायला हवं. त्यासाठी करायची गोष्ट एकच आहे. अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू उगवून ओळखायची तपासणी, पाठवायचं.

याचं कारण मी माझ्या चुकीतून सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मासे धरायला रापणीवर जाणारा एक पेशंट आला. झडप बदलून दोन वर्षं झाली होती. ताप, अंगदुखी, डोळे लालसर. गावात त्या आठवड्यात लेप्टोचे दोन पेशंट सापडले होते. मी डॉक्सिसायक्लिन दिलं, दोन दिवसांनी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं. ताप उतरला. मला वाटलं, निदान बरोबर होतं. आठवड्याने पुन्हा ताप, पुन्हा पाच दिवस इंजेक्शनं, पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या. मोठ्या हॉस्पिटलात कल्चर केलं तर काहीच उगवलं नाही, कारण मी दिलेल्या औषधाने रक्तातले जंतू दबले होते. झडपेवरचे मात्र मेले नव्हते. कुठला जंतू आहे हे न कळता अंदाजाने औषधं द्यावी लागली आणि शेवटी झडप दुसऱ्यांदा बदलावी लागली. तो वाचला. पहिल्या दिवशी मी काही मिलिलिटर रक्त बाटलीत काढलं असतं, तर हे इतकं लांबलं नसतं.

अर्धवट अँटिबायोटिकने ताप उतरणं हे या आजारात चांगलं लक्षण धरू नका. चोरट्याने पावलांचा आवाज बंद केला एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून घरी हे ठरवून टाका. थर्मामीटर घरात हवा. १००.४ च्या वर ताप दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि बसायच्या आधी सांगायचं, “माझी झडप बदललेली आहे.” मागच्या तापातली उरलेली कॅप्सूल घ्यायची नाही, मेडिकलवाल्याकडून दोन दिवसांचा कोर्स आणायचा नाही. पॅरासिटामॉल चालेल, पण आधी ताप मोजून कागदावर लिहा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

याला एक अपवाद आहे. पेशंट गुंगीत आहे, रक्तदाब घसरला आहे, श्वास लागला आहे, तर कल्चरसाठी तासन्‌तास थांबायचं नाही. मिळेल तसं रक्त पटकन काढून लगेच औषध सुरू.

कल्चरला इतकं रक्त का काढतात? तीन-तीनदा टोचतात.

कारण रक्तात जंतू फार थोडे असतात. प्रौढ माणसाच्या एका वेळच्या दोन बाटल्या असतात, प्रत्येकीत साधारण १० मिलि. असे तीन संच, वेगवेगळ्या जागी टोचून, मधे निदान अर्धा तास सोडून. तिन्हींत एकच जंतू उगवला तर तो खरोखर रक्तात आहे हे पक्कं होतं. एकाच बाटलीत कातडीवरचा जंतू आला तर सुईबरोबर गेला असावा असा संशय राहतो. आणि कृत्रिम झडपेला त्रास देणारा एक मुख्य जंतू नेमका कातडीवरचाच असल्यामुळे, एका बाटलीवर निकाल देणं अवघड.

हिमोग्लोबिन किंवा सीबीसी म्हणजे कल्चर नव्हे. ‘रक्त तपासलं, नॉर्मल आहे’ असं कुणी म्हणालं की कल्चर पाठवलं होतं का, हे विचारा. बाटल्या प्रत्येक लॅबमध्ये नसतात, आधी फोन करा. रक्त भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, साध्या तापमानातच पाठवायची. आमच्याकडे एकदा ती मासळीबरोबर बर्फात ठेवून रत्नागिरीला नेली होती, हेतू चांगला होता.

रिपोर्टला दोन ते पाच दिवस लागतात, क्वचित जास्त.

ताप नाही, पण वजन उतरलंय, जेवण जात नाही. तरीही हे असू शकतं?

हो. म्हाताऱ्या माणसांना, मधुमेहींना, किडनीच्या पेशंटांना तापाशिवायही होतं. रात्री घाम येऊन उशी भिजणं, दम लागायला नव्याने सुरुवात होणं, पाय सुजणं, लघवीतून रक्त जाणं, नखाखाली बारीक काड्यांसारखे तांबूस ठिपके, बोटांच्या टोकाला दुखऱ्या गाठी, चक्कर येऊन पडणं. मेटलची झडप असलेल्याला स्वतःच्या झडपेचा टिकटिक आवाज ओळखीचा झालेला असतो. तो अचानक दबला किंवा बदलला तर थांबू नका. आवाज गाठीमुळेही दबतो. गाठ की संसर्ग हे बघायचं काम हॉस्पिटलचं.

तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडं बोलणं असं झालं तर १०८ ला फोन करायचा. वाट बघायची नाही, देवाला कौल लावायचा तर गाडीत बसून लावा.

इको केला, नॉर्मल आला. मग सुटलो ना?

छातीवरून केलेल्या साध्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कृत्रिम झडपेची सावली पडते आणि तिच्यामागचं दिसत नाही. संसर्ग असूनही जवळपास निम्म्या वेळा असा इको नॉर्मल येऊ शकतो. म्हणून घशातून अन्ननलिकेत नळी घालून इको करतात. हृदय अन्ननलिकेला अगदी चिकटून असतं, मागून स्पष्ट दिसतं. चार-सहा तास उपाशी राहावं लागतं, घसा सुन्न करतात, पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. तोही नॉर्मल आला आणि संशय मोठा असेल, तर पाच-सात दिवसांनी पुन्हा करतात. मोठ्या शहरांत काही ठिकाणी पेट-सीटी स्कॅनचीही मदत घेतात. पण ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर जखम भरतानाची सूजही त्यात चमकते, म्हणून निकाल जपून वाचावा लागतो.

सहा आठवडे अ‍ॅडमिट? लावणी कोण करणार?

लावणी यंदा दुसरं कुणी करेल. सहा आठवडे ही कमीत कमी मुदत आहे आणि औषध शिरेतून. बायोफिल्मच्या आतला जंतू जवळजवळ झोपलेला असतो. बहुतेक अँटिबायोटिक वाढणाऱ्या जंतूला मारतात, झोपलेल्याला मारायला वेळ लागतो. दहा दिवसांत बरं वाटायला लागतं आणि मग पेशंट डॉक्टरकडे डिस्चार्जचा तगादा लावतो, विशेषतः गणपती जवळ आले की. चाकरमानी मुंबईहून निघालेले असतात, घरात मखराची तयारी, आणि हा वॉर्डात. मला ती घालमेल कळते. पण तिसऱ्या आठवड्यात घरी आलेले पेशंट आश्विनात परत गेलेले मी पाहिले आहेत.

स्टॅफिलोकॉकस असेल तर बहुधा तीन औषधं एकत्र देतात. मुख्य औषध क्लॉक्सासिलिनसारखं किंवा व्हँकोमायसिन, जोडीला रिफॅम्पिसिन, आणि पहिले दोन आठवडे जेंटामायसिन. रिफॅम्पिसिन बघून घरचे दचकतात, “टीबी झाला काय?” टीबी नाही. हे औषध बायोफिल्ममध्ये शिरतं म्हणून देतात. लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात, घाबरू नका. जेंटामायसिनने किडनी आणि कानावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी पुन्हा पुन्हा होते. कानात गुंजारव सुरू झाला तर त्याच दिवशी सांगा.

पहिले काही आठवडे नीट गेले, जंतू माहीत असला आणि प्रकृती स्थिर असली, तर निवडक पेशंटांना पुढचं औषध तोंडाने देता येतं, असं डेन्मार्कमधल्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. हा निर्णय तुमच्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांचा. आपणहून इंजेक्शनाची गोळी करायची नाही.

रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. ती बंद करायची का?

स्वतःहून कधीही नाही. आपल्याकडे बहुतेकांना एसिट्रोम किंवा वॉरफरिन असतं. हॉस्पिटलात गेल्यावर डॉक्टर ती थांबवून हेपरिनचं इंजेक्शन सुरू करू शकतात, मेंदूत काही झालं असेल तर काही दिवस दोन्ही थांबवतात. ते त्यांनी ठरवायचं.

इथे एक खाचखळगा आहे, तो डिस्चार्ज कार्डावर कधी लिहिलेला असतो, कधी नसतो. रिफॅम्पिसिन चालू असताना एसिट्रोमचा परिणाम खूप कमी होतो, डोस वाढवावा लागतो. रिफॅम्पिसिन बंद झालं की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तो परिणाम हळूहळू परत येतो, आणि वाढवलेला डोस तसाच राहिला तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, भलताच चढतो. पेशंट बरा होऊन घरी आलेला असतो आणि नाकातून रक्त यायला लागतं. म्हणून घरी आल्यावर पहिले महिना-दीड महिना दर आठवड्याला आयएनआर करा. डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल, सेप्ट्रानसारखी औषधं उलट आयएनआर वाढवतात.

पालेभाज्यांचं विचारतात. सोडायच्या नाहीत. पावसात पहिले पंधरा दिवस रोज टाकळा-अळू आणि मग महिनाभर काहीच नाही, असं करू नका. बेताने, पण नेमाने.

परत ऑपरेशन करावंच लागतं का?

प्रत्येकाला नाही. पण साधारण निम्म्या पेशंटांना त्याची गरज भासते. झडप बाजूने गळायला लागली आणि हृदय थकलं, कड्याशी पू झाला, हृदयाच्या ठोक्यांची वीजवाहिनी त्यात सापडून ठोके मंदावले, मोठा गोळा सुटायच्या बेतात आहे, बुरशी आहे किंवा औषधाने कल्चर साफ होत नाही, अशा वेळी. दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा अवघड असतं हे खरं. पण ‘आधी औषधाचा कोर्स पुरा होऊ दे, मग बघू’ म्हणून थांबण्यात काही पेशंट हातचे जातात. सर्जन लगेच करू म्हणाले तर त्यांना घाई झालेली नसते, वेळ गेलेली असते.

दाढ काढायची आहे. अँटिबायोटिक घेऊ का?

हो, घ्यायचं. दात काढणं, रूट कॅनाल, हिरड्यांची खोल सफाई अशा, हिरडी किंवा दाताच्या मुळाशी हात जाणाऱ्या कामांआधी कृत्रिम झडपवाल्यांनी एक डोस घ्यावा. प्रौढांना अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार कॅप्सूल एकदम, कामाच्या अर्धा ते एक तास आधी. मुलांना वजनाच्या किलोमागे ५० मिग्रॅ. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर अझिथ्रोमायसिन ५०० सारखा पर्याय. एकच डोस, पाच दिवसांचा कोर्स नाही. नुसता एक्स-रे, तार बसवणं, चांगल्या हिरडीत सुन्न करण्याचं इंजेक्शन किंवा लहान मुलाचा दुधाचा दात आपोआप पडणं यासाठी लागत नाही.

दातांच्या डॉक्टरला झडपेचं सांगा आणि एसिट्रोमचंही. पण दाढ काढायची म्हणून एसिट्रोम चार दिवस बंद ठेवून येऊ नका. आदल्या दिवशीचा आयएनआर घेऊन जा, पुढचं दोन्ही डॉक्टर बोलून ठरवतील.

एंडोस्कोपी, सोनोग्राफी, बाळंतपण यांच्या आधी?

नुसत्या एंडोस्कोपी किंवा कोलोनोस्कोपीसाठी सरसकट घ्यायला सांगत नाहीत. सोनोग्राफीला तर प्रश्नच नाही. लघवीत किंवा पोटात आधीच संसर्ग असेल तर गोष्ट वेगळी. बाळंतपण आणि कृत्रिम झडप हा स्वतंत्र, मोठा विषय आहे. गोळीमुळे तो जास्त नाजूक होतो. दिवस जायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरला भेटा, नंतर नव्हे.

मी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते. मग मला दातासाठी वेगळं कशाला?

ते इंजेक्शन १२ लाख युनिटचं बेंझाथिन पेनिसिलिन. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदय खराब झालं, तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून ते असतं. झडप बदलली तरी ते बंद करायचं नाही. पण त्यातून रक्तात राहणारं पेनिसिलिन अगदी थोडं असतं, दाढ काढताना ते पुरत नाही. उलट तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात, म्हणून तुमच्यासाठी दुसऱ्या गटातलं औषध निवडतात.

लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्य केंद्रातून डॉक्सीच्या गोळ्या देतात. घेऊ का?

शेतात चिखलात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिग्रॅ देतात, ती पद्धत चांगली आहे. तुम्ही घेत असाल तर दोन गोष्टी करा. आयएनआर नेहमीपेक्षा लवकर तपासा. आणि ताप आला तर शेवटची डॉक्सी कुठल्या वारी घेतली ते कल्चर पाठवणाऱ्याला सांगा. माझं मत विचाराल तर झडपवाल्याने चिखलणीत उतरूच नये, बांधावर बसून मुकादमकी करावी. ऐकतं कोण, ते सोडा.

घरात बकऱ्या आहेत, मांजर आहे. चालेल?

ठेवा, पण काही जंतू जनावरांतून येतात आणि साध्या कल्चरमध्ये उगवत नाहीत. बकरी किंवा गाय व्याली की वार आणि ते पाणी हाताळू नका, दुसऱ्या कुणाला करू दे. दूध उकळूनच प्या. मांजराने ओरखडलं तर धुवा. कल्चर तीनदा निगेटिव्ह आलं आणि झडप मात्र खराब दिसतेय, अशा वेळी डॉक्टरला ‘घरात बकऱ्या आहेत’ हे वाक्य सांगितलंत तर त्याला वेगळ्या रक्तचाचण्या सुचतात.

मासे खाऊ का?

खा. काटा घशात नाही, बोटात जाऊ नये एवढं बघा. म्हणजे घशातही नकोच.

लेकीचं नाक टोचायचंय. तिची झडप बदललेली आहे.

शक्यतो नको. गोंदवणंही नको. जत्रेतल्या टेबलावर तर अजिबात नको. चाफेकळी घालायचीच असेल तर दाबून बसवायची मिळते.

घरच्यांना याची लागण होते का?

नाही. ताट-पेला वेगळा ठेवू नका.

सरकारी योजनेत बसतं का?

झडप बदलण्याच्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मदत घेता येते. सहा आठवड्यांच्या औषधोपचाराबद्दल मात्र अ‍ॅडमिट होतानाच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. रेशनकार्ड आणि आधार घरी विसरून कोल्हापूरला गेलेल्यांनी एसटीच्या पार्सलने कागद मागवल्याचे प्रसंग माझ्यासमोर घडले आहेत.

न्यायचं कुठे? ऑपरेशन मुंबईला झालं होतं.

पेशंट स्थिर असेल तर जिथे ऑपरेशन झालं, त्यांचं मत पहिलं. झडप कुठली, कशी शिवली, हे त्यांना माहीत असतं. पण श्वास लागलेल्या माणसाला मुंबईच्या गाडीचं रिझर्वेशन मिळेपर्यंत घरी ठेवू नका. पावसात घाटाची खात्री नसते. करूळ किंवा फोंडा घाटात दरड आली की कोल्हापूर तुटतं. अशा वेळी सिंधुदुर्गातल्यांना महामार्गाने बांबोळी सोयीचं पडतं, रत्नागिरीच्या उत्तरेकडच्यांना डेरवणचं हॉस्पिटल. जिथे जाल तिथे तीन गोष्टी आहेत का, हे फोनवर विचारा. कल्चर होतं का, घशातून इको होतो का, आणि हार्ट सर्जन गाठता येतो का.

बरा होऊन घरी आलो. परत होऊ शकतं?

शकतं. एकदा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका इतर झडपवाल्यांपेक्षा जास्त. पहिल्या सहा महिन्यांत तोच जंतू परत डोकं काढू शकतो. पहिल्या महिन्यात, मग तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तपासणी आणि इको करतात. मधे ताप आलाच तर पुन्हा तेच. आधी कल्चर, मग गोळी.

पाकिटात काय ठेवू?

एक जाड कागद, प्लास्टिकमध्ये घातलेला, नाहीतर पावसात लगदा होतो. त्यावर झडपेचं नाव, नंबर आणि जागा, म्हणजे मायट्रल की एओर्टिक. ऑपरेशनची तारीख, हॉस्पिटलचा फोन. एसिट्रोमचा डोस आणि शेवटचा आयएनआर. औषधाची अ‍ॅलर्जी. आणि खाली, लाल पेनाने, मराठीत: ‘ताप असल्यास अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर.’ डॉक्टर नवीन असेल, घाईत असेल, रात्रीचे अकरा वाजले असतील आणि लाइट गेली असेल, तर टॉर्चच्या उजेडात तो कागद त्याच्यापुढे धरा. राग मानणार नाही. मानला तरी धरा.